पेठ रस्त्यावरचं ॲसिटोन

सोमवार, ४ मार्च २०२४

दुपारी एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती आता एका खासगी प्रयोगशाळेत माती-पाण्याचे नमुने तपासते. "मॅडम, सातपूरकडच्या एका प्लॉटच्या मातीत ॲसिटोन दाखवतंय. जागामालक विचारतोय, हे आलं कुठून? शेजारच्या कारखान्यावर तक्रार करायच्या तयारीत आहे तो."

मी म्हटलं, आधी ब्लँक बघ. नमुन्यांच्या पेटीतून शुद्ध पाण्याची एक बाटली जागेवर जाऊन परत येते, तिला मातीचा कणही लागलेला नसतो. त्या बाटलीतही ॲसिटोन सापडलं तर ते मातीतलं नाही, वाटेतलं किंवा प्रयोगशाळेतलंच आहे. काचेची भांडी शेवटी ॲसिटोननं खंगाळायची ही आमच्या धंद्याची जुनी रीत. पाण्यात सहज मिसळतं, तेलकटपणा काढतं, ५६ अंशांना उकळतं, त्यामुळे भांडं मिनिटभरात कोरडं होतं. तेवढ्यात खोलीच्या हवेत जे जातं ते शेजारच्या उघड्या नमुन्यात उतरायला पुरेसं असतं. म्हणून मातीच्या अहवालात ॲसिटोन दिसलं की जगभरचे तपासनीस प्रथम स्वतःच्या प्रयोगशाळेकडे पाहतात.

फोन ठेवल्यावरही तिचा प्रश्न मनातून गेला नाही. नळ उघडा राहिला तर पाणी कुठून आलं हे सांगता येतं. या द्रवाचं तसं नाही. तीन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन एवढा लहान रेणू अनेकांना बनवता येतो.

शुक्रवार, ८ मार्च

महाशिवरात्र. त्र्यंबकच्या गाड्या सकाळपासून भरून चालल्यात. आमच्या सोसायटीतही बहुतेकांचा उपवास.

उपवास आणि ॲसिटोन यांचा खरा संबंध आहे. खाणं थांबलं की काही तासांनी शरीर साठवलेली चरबी वापरायला लागतं आणि यकृत त्यातून कीटोन तयार करतं. त्यातलं ॲसिटोॲसिटेट हे अस्थिर असतं, ते आपोआप फुटतं आणि ॲसिटोन होतं. ते रक्तातून फुफ्फुसात आणि श्वासावाटे बाहेर. जेवलेल्या, धडधाकट माणसाच्या श्वासातही ते असतंच, दशलक्ष भागांत साधारण अर्धा ते एक भाग. मधुमेह हाताबाहेर गेला की ते इतकं वाढतं की तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. १८५७ साली प्रागच्या विल्हेल्म पेटर्स यांनी मधुमेही रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन ओळखलं. ॲसिटोन ही शरीराबाहेरची वस्तू आहे ही समजूत तेव्हापासूनच टिकायला नको होती.

साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात मात्र हे घडत नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, यकृताला चरबीकडे वळायची गरजच पडत नाही. पण साबुदाणा ज्या कंदातून येतो त्या कसाव्याच्या पोटात ॲसिटोनची दुसरी वाट दडलेली आहे. कंदात लिनामारिन नावाचं द्रव्य असतं. कीड चावली किंवा कंद किसला की पेशी फुटतात, लिनामारिन विकरांच्या हाती लागतं आणि त्याचे तुकडे होतात: साखर, हायड्रोजन सायनाइड आणि ॲसिटोन. झाडाचा हेतू विषानं खाणाऱ्याला परतवण्याचा. ॲसिटोन त्याबरोबर सुटतं. कंद किसून, धुऊन, भाजून दोन्ही घालवल्यावरच साबुदाणा खाण्याजोगा होतो. जवसातही याच घराण्यातली द्रव्यं आहेत.

रविवार, १० मार्च

विद्यार्थिनीचा निरोप: ब्लँकमध्येही तेवढंच निघालं. अहवालात तसं स्पष्ट लिहून ती नमुने पुन्हा घेणार आहे. एका निरपराध शेजाऱ्यावर तक्रार होता होता राहिली याचं मला फार बरं वाटलं.

मंगळवार, १९ मार्च

मैत्रिणीबरोबर पेठला गेले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकचा डोंगरी पट्टा या दिवसांत पहाटे पाहावा. मोहाची झाडं जवळजवळ निष्पर्ण, खाली पिवळट, मांसल फुलांचा सडा. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात, म्हणून वेचणाऱ्या बाया उजाडायच्या आत झाडाखाली असतात. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जागा साफ केलेली. एका मावशींना विचारलं, किती दिवस चालतं? "झाड गाळतंय तवर," म्हणाल्या. वेचलेली फुलं अंगणात वाळत घातली होती, त्यावर आंबूस-गोड वास तरंगत होता. वाळल्या फुलात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असते. त्या साखरेवर यीस्ट चढलं की मद्य होतं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याऐवजी एक विशिष्ट जिवाणू चढला की काय होतं, हे नाशिकमध्ये फार थोड्यांना माहीत असेल.

परतताना पेठ रस्त्यावर समोरून एक टँकर आला. हा रस्ता पुढे गुजरातेत उतरतो, त्यामुळे रसायनांच्या गाड्यांची वर्दळ नेहमीची. टँकरच्या पाठीवरच्या धोक्याच्या फलकावर चार आकडे होते: १०९०. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत हा ॲसिटोनचा क्रमांक. मी मैत्रिणीला गाडी बाजूला घ्यायला सांगून तो टँकर वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले. एका बाजूला मोह, मधून ॲसिटोन चाललेलं.

बुधवार, २० मार्च

आज दिवसभर जुने कागद. नाशिक आणि ॲसिटोन यांची गोष्ट मला पुरती लिहून ठेवायची आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या तोफा कॉर्डाइटवर चालत. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन हे दोन स्फोटक पदार्थ एकजीव करून त्यांच्या दोऱ्या ओढायच्या, तर दोन्हींना विरघळवणारा द्रव हवा, तो म्हणजे ॲसिटोन. निलगिरीत अरुवनकाडूला असलेल्या कॉर्डाइट कारखान्यालाही ते लागायचं. तोवर ॲसिटोन लाकडापासून मिळायचं. बंद भट्टीत लाकूड तापवायचं, निघालेलं आम्ल चुन्यात मुरवायचं, तो क्षार पुन्हा भाजायचा. ढिगानं लाकूड जाळावं तेव्हा थोडं ॲसिटोन हाती येई आणि तो क्षार मोठ्या प्रमाणात अमेरिकेतून येई. १९१५ मध्ये तोफगोळ्यांचा तुटवडा पडला आणि हा पुरवठा अपुरा ठरला.

मँचेस्टरला खाइम वाइत्समान नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका जिवाणूवर काम करत होते. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम म्हणतात. हवा लागू न देता त्याला स्टार्च किंवा साखर खायला घातली की तो ब्युटेनॉल, ॲसिटोन आणि इथेनॉल बनवतो, साधारण सहा, तीन, एक या प्रमाणात. लंडनमधल्या एका जिनच्या भट्टीत त्याची मोठी चाचणी झाली. स्टार्चसाठी लागणाऱ्या मक्याची टंचाई पडली तेव्हा १९१७ साली इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळं गोळा करून घेतली गेली. टोरांटोला दारूचा कारखाना ॲसिटोनकडे वळवला. आणि हिंदुस्थानात या कामासाठी जागा निवडली गेली ती नाशिकची.

नाशिकच्या कारखान्याशी निगडित नाव गिल्बर्ट फाउलर यांचं. तेही मँचेस्टरचे. १९१६ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. इथल्या मालातून, इथल्या हवेत ॲसिटोन कसं आंबवायचं हा त्यांचा विषय. मोहाच्या फुलांवर त्यांनी आणि त्यांच्या हिंदी सहकाऱ्यांनी केलेलं जीवरासायनिक संशोधन १९२० मध्ये संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ज्या फुलावर मुंबई सरकारनं १८९२ साली खास कायदा करून बंधनं घातली होती, कारण लोक घरी दारू गाळतील आणि अबकारीचा महसूल बुडेल, तेच फूल युद्धाच्या काळात शास्त्रज्ञांच्या टेबलावर मानानं ठेवलं गेलं. मला हे वाचून राग येतो. डोंगरातल्या माणसानं वेचलं तर संशय, साम्राज्याला लागलं तर संशोधन.

युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपलं आणि ज्या गरजेपायी कारखाना उभा राहिला ती गरज ओसरली. नाशिकरोडला पुढे बरीच वर्षं सरकारी डिस्टिलरी चालली. १९२५ मध्ये तिथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली आणि नाशिकरोडचं नाव नोटा-तिकिटांशी कायमचं जोडलं गेलं. वाइत्समान इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांच्यावर ग्रंथ आहेत. फाउलर आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण हिंदी रसायनशास्त्रज्ञांची आठवण आमच्या गावात कुणी ठेवलेली मला दिसली नाही.

फाउलर यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. हिंदुस्थानात येण्याआधी ते मँचेस्टरच्या सांडपाण्याचे सल्लागार होते. १९१२ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग पाहिले. परतल्यावर त्यांच्या प्रेरणेतून आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली सक्रिय गाळाची पद्धत मांडली, जिच्यावर जगातली असंख्य शुद्धीकरण केंद्रं आज चालतात. हवा मिळालेले जिवाणू पाण्यातला सेंद्रिय मळ खातात आणि ॲसिटोन तर ते फार लवकर खातात. म्हणजे हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूकडून ॲसिटोन करवून घेण्याचं आणि हवेवर जगणाऱ्या जिवाणूंकडून पाणी स्वच्छ करवून घेण्याचं, ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या आयुष्यात आली.

रविवार, २४ मार्च

होळी. चौकात लाकडं आणि गोवऱ्या रचल्यात. लाकूड जळताना ज्या शेकडो वायू-वाफा निघतात त्यात ॲसिटोनही असतं. शंभर वर्षांपूर्वी बंद भट्टीत तेच तर पकडत होते. पेठच्या झाडाखाली जाळलेल्या पाचोळ्यातूनही थोडं गेलं असणार.

पण जगाच्या हिशेबात आगीचा वाटा लहान आहे. नासाच्या एम्स केंद्रातले हनवंत सिंग यांनी १९९०च्या दशकात विमानातून मोजमापं करून दाखवलं की शहरांपासून दूर, दहा किलोमीटर उंचीवरही ॲसिटोन आहे आणि ते नगण्य नाही. २००२ मध्ये हार्वर्डच्या डॅनियल जेकब आणि सहकाऱ्यांनी ताळेबंद मांडला: वर्षाला सुमारे साडेनऊ कोटी टन ॲसिटोन हवेत येतं. झाडं-झुडपं थेट सोडतात ते ३.३ कोटी. समुद्रातून २.७ कोटी. झाडांच्या टर्पीनसारख्या सुगंधी वाफा हवेत बदलून ७० लाख, कुजणाऱ्या पानांतून २० लाख, आगींतून ४५ लाख. माणसाच्या कारखान्यांतून, रंगांतून, द्रावकांतून थेट निसटतं ते फक्त ११ लाख टन, शेकड्याला जेमतेम एक. समुद्राच्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, कारण समुद्र ॲसिटोन देतो तसा शोषूनही घेतो. झाडांचं मोठेपण मात्र टिकून आहे.

एक रक्कम मी मुद्दाम मागे ठेवली: २.१ कोटी टन. प्रोपेन, आयसोब्युटेन, आयसोपेंटेन असे वायू हवेत जातात, सूर्यप्रकाशात ऑक्सिजनशी संयोग पावत बदलतात आणि वाटेत त्यांचं ॲसिटोन होतं. यातला बराचसा भाग माणसाचा. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. पेट्रोलच्या वाफेत आयसोपेंटेन असतो. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, तिथून उत्तर महाराष्ट्रात टँकर जातात. पेट्रोल भरताना नळीच्या तोंडाशी जी थरथरती वाफ दिसते, तिच्यातला काही अंश काही दिवसांनी कुठेतरी दूर ॲसिटोन होऊन फिरत असतो. ॲसिटोनचा कारखाना नसलेल्या गावाच्या डोक्यावर ॲसिटोन असं तयार होतं.

हवेत त्याचं आयुष्य साधारण पंधरा दिवसांचं. ऊन त्याला फोडतं. उंचावर फुटताना ते अशी क्रियाशील द्रव्यं देतं की तिथलं ओझोनचं गणित बदलतं, आणि नायट्रोजनच्या प्रदूषणाला ते दूरवर वाहून न्यायला मदत करतं. म्हणून त्याचा हिशेब मांडायचा.

गुरुवार, २८ मार्च

पेठ रस्त्यावरचा तो टँकर कुठून आला असेल? गुजरातेतल्या दहेजचा असण्याचा संभव बराच. तिथे दीपक फिनोलिक्सचा कारखाना २०१८च्या अखेरीस सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन फिनॉल आणि एक लाख वीस हजार टन ॲसिटोन अशी त्याची क्षमता. त्याआधी आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात हर्डिलिया हे काम करत असे आणि कोचीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स.

दोन्ही रसायनं एकत्र का? बेंझिन आणि प्रोपिलीन जोडून क्युमीन करतात, त्याला हवेतला ऑक्सिजन देतात, मग आम्लानं तोडतात. तुकडे पडतात दोन, फिनॉल आणि ॲसिटोन. किलोभर फिनॉलमागे सहाशे ग्रॅमच्या वर ॲसिटोन निघतंच, हवं असो वा नसो. प्लायवूडच्या रेझिनसाठी फिनॉलची मागणी वाढली की बाजारात ॲसिटोन वाढतं. मग त्याचा बराच भाग ॲक्रिलिकचे तक्ते आणि पॉलिकार्बोनेट बनवण्यात जातो, उरलेलं औषध कारखान्यांत, रंगांत, नखांच्या पॉलिशच्या बाटल्यांत.

मोहाच्या साखरेतून केलेलं ॲसिटोन आणि दहेजचं ॲसिटोन वासानं, उकळबिंदूनं, कुठल्याही साध्या परीक्षेनं वेगळं ओळखता येणार नाही. पण एक खूण आहे. मोहानं कार्बन घेतला तो चालू काळातल्या हवेतून, त्यात किरणोत्सारी कार्बन-१४चा अल्पसा अंश असतो. पेट्रोलियम कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलं. ५,७३० वर्षांत निम्मा होणारा तो कार्बन त्यात उरलेलाच नाही. रेणूंचा पुरेसा साठा गोळा करून कार्बन-१४ मोजला तर झाड की तेलविहीर, हे सांगता येतं. माझ्या विद्यार्थिनीला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर काही क्षण गप्प झाली, मग म्हणाली, "मॅडम, हे आम्हाला बी.एस्सी.ला का नाही शिकवलं?"

आपल्या देशाच्या २००९च्या हवा-मानकांत बारा घटक आहेत. बेंझिन आहे, ॲसिटोन नाही. मला ते समजण्यासारखं वाटतं, कारण बेंझिननं कर्करोग होतो आणि मोकळ्या हवेतलं ॲसिटोन माणसाला इजा करण्याइतकं कधीच नसतं. तरी पेठच्या रानात एक आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक, असं वर्षभर कुणीतरी मोजावं ही माझी इच्छा आहे. मोहाच्या बहरात पेठचा आकडा काय येतो ते पाहायला मी पदरचे पैसे घालीन.

मंगळवार, २ एप्रिल

अंबडमध्ये ओळखीतल्या एकांचं फायबरचं वर्कशॉप पाहिलं. टाक्यांची झाकणं, पत्रे, मशीनची कव्हरं. साच्यावर काचेच्या धाग्याची चटई पसरायची, रेझिन ओतायचं, रोलर फिरवायचा. रोलर आणि ब्रश धुवायला ॲसिटोनचं उघडं पातेलं जमिनीवर. मुलं काम संपलं की त्याच पातेल्यात हात बुडवून बोटांचं रेझिन काढत होती. सगळ्यांचे हात पांढरट, भेगाळलेले. शेवटच्या कोपऱ्यातल्या मुलाला मी विचारलं, डोकं दुखतं का? "दुपारनंतर दुखतं, ताई. सवय झाली."

सवय झाली हे ऐकून मला घरी आल्यावरही स्वस्थ बसवेना. साडेनऊ कोटी टनांच्या हिशेबात हे पातेलं कुठेच दिसणार नाही. पण या खोलीत दिवसाचे आठ-दहा तास श्वास घेणाऱ्या मुलाला झाडांनी किती सोडलं याचा काय उपयोग? आपल्या फॅक्टरी कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी ॲसिटोनची मर्यादा आठ तासांसाठी दशलक्षात ७५० भाग आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेचंही पूर्वी तेवढंच म्हणणं होतं. त्यांनी ते आधी ५०० आणि गेल्या दशकात २५०वर आणलं. आपण आहोत तिथेच. आणि ती ७५० तरी अंबडच्या छोट्या शेडमध्ये कोण मोजतं?

आगीचं वेगळं. ॲसिटोनची वाफ शून्याखाली वीस अंशांनाही पेट घेऊ शकते. एप्रिलच्या नाशिकमध्ये, पत्र्याखाली, उघडं पातेलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

वर्कशॉपच्या मालकांकडे पुन्हा गेले. ते ऐकून घेणारे आहेत. त्यांचा समज असा की छताजवळ पंखा बसवलाय म्हणजे झालं. मी सांगितलं, ॲसिटोनची वाफ हवेच्या दुपटीनं जड असते, ती खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. छताचा पंखा वरची हवा ओढतो, मुलं खालची घेतात. शोषण कामाच्या टेबलापाशी आणि खालच्या बाजूला हवं. मोटर फ्लेमप्रूफच हवी, साधी मोटर ठिणगी टाकते. पातेल्याऐवजी झाकणाचा डबा, आणि हातांसाठी ॲसिटोन बंद, हातमोजे आणि रेझिन काढायची पेस्ट. हे सगळं कागदावर लिहून दिलं.

ते म्हणाले, "ताई, डबे आणि हातमोजे उद्याच आणतो. मोटरचा दर काढायला लागेल, सोमवारी सांगतो." कोपऱ्यातल्या मुलाला तोवर दरवाजाजवळच्या साच्यावर बसवायला मी सांगितलं, आणि त्यांनी माझ्यासमोरच त्याची जागा बदलली.